घरात माणसं किती?

"दोरीवरच्या तुह्या साड्या काढ, पायल... अन् पाहुण्याईले सांगजो, मी शेजारची आहो म्हून!"

भीमाबाई भिंतीकडे पाहत बोलल्या, आणि पायल दोरीवरच्या साड्या ओढू लागली. सासूनंच सुनेला घरात परकं व्हायला सांगावं! पण करणार काय? सक्करदऱ्यातल्या दोन खोल्या अन् स्वयंपाकघर. नागपुरात माणसांचे लोंढे येतायत, घरं मात्र पुरत नाहीत, आणि भाडं ऐकलं की घाम फुटतो. धाकट्या रोहितची तीन स्थळं एकाच गोष्टीवर मोडली होती: विधवा भावजय आतली खोली अडवून बसलीय. चौथं मोडू नये म्हणून पायलनं कोराडीला तिघी नर्सांच्या खोलीत पथारीपुरती जागा ठरवली होती.

खोली सुटेल हो... पण त्या खोलीत रोज तिन्हीसांजेला नागसेन यायचा! त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी पलंगाची कड दबायची, ओळखीचा श्वास कानाशी यायचा. हे दुर्दैवी सुख ती कुणाला सांगणार? सासूनं त्या दिवसापासून लेकाचं नावही उच्चारलं नव्हतं. आई मनातून मलाच दोष देतात, असं पायलला वाटायचं.

जरीपटक्याचे पाहुणे आले. रोहितसाठी सांगून आलेली अपेक्षा अन् तिचे वडील बापूजी. 'शेजारच्या' पायलनं पोहे दिले. बापूजींनी सहज विचारलं, "बाई, घरात माणसं किती जी?"

भीमाबाईंनी सवयीनं बोटं मोजली. "चार. मी, रोहित, नागसेन अन् पायल."

रोहितनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"नागसेन कोण?"

"माहा मोठा पोरगा... गेला जी तो." भीमाबाईंनी पायलला छातीशी ओढलं. "अन् हे शेजारची नाही, त्याची बायको आहे. खोटं बोलली मी! जागेपायी माह्या लेकीले घराबाहेर काढून राहिली होती!"

"आई, रडू नका... मी जाईन ना कोराडीले."

"काही जात नाही! तू गेली तं माहा नागसेन कोणापाशी येईन वं? मले का समजत नाही, तो रोज येते ते?"

पायल थरारली. म्हणजे या माउलीनंही दोन वर्षं एकटीनंच...!

बापूजी ताडकन उठले. "खोटं बोलून पोरगी नेता काय?"

"बसा न बाबा," अपेक्षा म्हणाली. "आपल्या घरी तरी कुठं जागा आहे? मी आजीच्या पायथ्याशीच झोपते न?" मग ती पायलकडे वळली. "ताई, आतली खोली तुमची अन् आईंची. समोरच्या खोलीत पडदा लावून आमचं भागते."

रोहितनं मान डोलावली. बापूजी पुटपुटत का होईना, पण बसले.

पायलनं कोराडीच्या खोलीवाल्या बाईंना फोन लावला. "मी येत नाही," एवढंच बोलताना तिला हुंदका आवरेना.