टेपवरची चौथी

बहात्तर साली एका संध्याकाळी शाळेतून घरी येताना चर्चच्या हॉलपाशी मला माझ्या बहिणीचा आवाज ऐकू आला. मी तशी भित्री नाही, पण दाराची चौकट धरून उभी राहिले. रेबेकाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आत ‘फोर्ट बीट्स’ची तीन पोरं टेपरेकॉर्डरभोवती बसली होती. नगरातल्या चार लग्नांपलीकडे या बँडला कुणी ओळखत नव्हतं. मुंबईच्या एका स्पर्धेसाठी त्यांनी स्वतःचं गाणं टेप केलं होतं आणि त्यात मध्येच कुणी मुलगी गुणगुणत होती.

“चर्चच्या कपाटातली जुनी टेप हाय,” ड्रमवाला फिलिप म्हणाला. “पुसू आन् परत घेऊ. उद्या पाठवायचीय.”

“पुसू नका,” मी दारातूनच म्हणाले. “ती... माझी रेबेका आहे.”

रेबेका आमच्या गायनमंडळात गायची. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. पोरांकडेही दुसरी टेप नव्हती. गिटारवाल्या शांतवननं माझ्याकडे पाहिलं. दर रविवारी मागच्या बाकावरून माझी वेणी बघत बसणारा तो हाच, आणि मला कळत नाही असं त्याला वाटायचं!

“टेप यांची,” तो म्हणाला. “स्पर्धा राहू द्या.”

बाकीचे दोघं तणतणत निघून गेले. माझ्या घरी मशीन नव्हतं, म्हणून शांतवननं रीळ पुन्हा लावलं, आवाज मोठा केला. आम्ही दोघं कान देऊन बसलो. गाण्यात एका जागी नुसती गिटार होती, तिथे रेबेका आली. शब्द हळूहळू उमटले, आणि ते स्तोत्राचे नव्हते.

‘तिसऱ्या बाकावरच्या दये, एकदा मागं बघशील का...’

तिसरा बाक माझा, आणि दया म्हणजे मीच. शांतवन पांढराफटक पडला. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. त्यावर तेच कडवं होतं, खोडलेलं.

“परवाच लिवलं, मी हे गायलोच न्हाई,” तो कसाबसा म्हणाला. “कुनाला दाखवलं बी न्हाई, दया.”

रीळ संपून टेपचं टोक फटफट आपटत होतं, आणि ते बंद करायला दोघांचाही हात उठेना. भीती वाटत होती, आणि खरं सांगते, आनंदही तेवढाच झाला होता.

“ती पहिल्यापासून अशीच आगाऊ,” मी म्हणाले.

रविवारी भर प्रार्थनेत मी मागं वळून बघितलं. शांतवन लाजून हसला. तेवढ्यात माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी हलकेच गुणगुणलं.