डावीकडचा ओला भाग

जुनी मोटरबोट घ्यायची तर आधी इंजिनाला हात लावून बघायचा. ते गार असायला हवं. गरम लागलं तर समजायचं, मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलंय, कारण गार असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं. मग तेलाची पट्टी ओढून तेल दोन बोटांत चोळायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. ते आयुष्यभर लोकांच्या बोटी तपासून देत, आता मी देते. त्यांचा एक नियम मात्र मला कायम विचित्र वाटायचा. तपासणी संपेपर्यंत त्या बोटीत खायचं नाही, बसायचं नाही आणि निजायचं तर नाहीच. "एकदा बूड टेकलं की बोट आपली वाटायला लागते," ते म्हणत. "आणि आपल्या माणसाचे दोष कानाला ऐकू येत नाहीत."

त्या दुपारी बोट आमच्यासाठीच बघायची होती. नवऱ्याने आठ वर्षं कळ काढली होती. घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून ठमीही बरोबर आली. ठमी म्हणजे आमची लेक, चौदा महिन्यांची. दात सहा आणि हुकूम शंभर. झोपते ती हातपाय पसरून, अख्खा पलंग अडवून. त्याआधी दूध पाजून तिला खांद्यावर घ्यायचं आणि थोपटायचं. थोपटताना कोरडा, हलका आवाज येतो, रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा. माझे कान धंद्याचे, त्यामुळे तो आवाज मला हजारात ओळखता येईल.

बोट यार्डात टेकूंवर चढवलेली होती. चौतीस फूट, पांढरी, फायबरची, दोन आठवडे उन्हात वाळलेली. मालक निवृत्त दंतवैद्य. त्यांची बायको कुंपणापाशी गाडीत बसून होती. काचा वर, आणि तोंड बोटीच्या उलट्या दिशेला.

"बाई येत नाहीत का बघायला?" मी विचारलं.

"तिला शिडी चढवत नाही." मग माझ्या हातातली हातोडी बघून ते म्हणाले, "तुमचं आमचं सारखंच की. ठोकून बघायचं, कुठे दुखतंय ते शोधायचं."

"बोट चावत नाही, एवढंच," नवरा म्हणाला.

ते हसले नाहीत.

इंजिन गार होतं. तेल स्वच्छ, तळ कोरडा. नवऱ्याने त्यांच्या पाठीमागून मला खुणेने 'घेऊन टाकू' सांगितलंसुद्धा. मी डोळे वटारले आणि खाली उतरून बाहेरून ठोकायला लागले. चांगलं फायबर टणक वाजतं. आत ओल असेल तर आवाज भद्द येतो, भिजल्या गोणीवर मारल्यासारखा. वीतभर अंतर सोडून ठोकत जायचं आणि जिथे आवाज बसेल तिथे खडूने फुली मारायची.

डावीकडे, पुढच्या टोकाजवळ आवाज बसला. ओल मोजायचं मीटर टेकवलं, काटा शेवटपर्यंत गेला. मी फुल्या मारत गेले आणि मग दोन पावलं मागे येऊन पाहिलं.

फुल्यांचा एक आकार झाला होता. अडीच फूट लांब. एका टोकाला गोल, मधे वाकलेला. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलासारखा.

"आतून ही जागा कुठे येते?"

"पुढच्या केबिनमधला डावा बर्थ."

"तिथे कोण झोपायचं?"

"कुणी नाही. आम्ही दोघंच तर." त्यांनी फुल्यांवरून नजर काढली. "सामान ठेवायचो. भिजायचं ते."

तेवढ्यात ठमीने भोकाड पसरलं. झोपेची वेळ टळली होती. नवरा म्हणाला, "आत जरा निजवू का हिला? नाहीतर यार्ड डोक्यावर घेईल."

बाबांचा नियम आठवला. पण हात भरून आले होते आणि अख्खी उजवी बाजू बाकी होती.

"निजव," मी म्हणाले. "पण उजव्या बर्थवर."

वीस मिनिटांनी वर गेले, तर ठमी डावीकडे होती.

"उजवीकडची गादी ओलीचिंब आहे गं," तो कुजबुजला. "ही बघ, कोरडी ठणठणीत."

ठमी भिंतीला चिकटून झोपली होती. कुशीवर. गुडघे पोटाशी.

मी तिला उचलून त्याच्या हातात दिलं आणि खाली आले. पहिल्या फुलीवर ठोकलं.

टणक.

दुसरी. तिसरी. सगळ्या टणक. मीटरचा काटा हलेना. मी ते ओल्या फडक्यावर टेकवून पाहिलं. तिथे हलला.

आम्ही गाडीजवळून निघालो तेव्हा काच खाली आली.

"झोपली होती का आत?" बाईंनी विचारलं.

"हो, थोडा वेळ."

"गाढ?"

मी मान हलवली. त्यांनी ठमीकडे नीट पाहून घेतलं, गाडीतून उतरल्या आणि तडक बोटीकडे गेल्या. शिडी त्या कठडा न धरता चढल्या, घरच्या पायऱ्या चढाव्यात तशा. दंतवैद्य खाली मान घालून उभे होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. विकायचं रद्द. "ही म्हणते, आता बोटीत काही दोष उरला नाही."

"हातातोंडाशी आलेला घास गेला," नवरा म्हणाला.

ठमी नुकतीच दूध पिऊन माझ्या खांद्यावर होती. ताप नाही, किरकिर नाही. माझे केस ओढून हसत होती. मी थोपटलं.

आवाज भद्द आला.

जरा वर थोपटलं. मग कमरेपाशी. मग वीत सोडून, परत सगळीकडे.

आज चौथा दिवस. डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ आहे. मीटर पिशवीत आहे, मी ते बाहेर काढलेलं नाही. ठमी आत्ता माझ्या शेजारी आहे, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन.

थोपटल्याशिवाय तिला झोप यायची नाही. आता येते.