दुसऱ्याची जागा

ऐकायचं तर मधी बोलायचं न्हाय. जयवंता आपल्या सणसरचाच, माझ्या मावसभावाचा पोरगा. खोटं वाटलं तर उद्या त्याच्या घरी जाऊन बघा.

१९९९ साल. सर्वपित्री आवसेची रात. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत जयवंता कॉम्प्युटरवर व्हता. टाक्या गार ठेवायचं काम ते मशीन करायचं. साहेबाच्या हात धुऊन मागं लागून त्यानंच त्यात लिनक्स नावाची नवी सिस्टीम घातली, आन आता मशीन उठंना. पहाटं गावोगावचं दूध येणार. नासलं की नोकरी गेली, आन बायकोला, रोहिणीला, सातवा महिना.

आता घोडं पेंड कुठं खात व्हतं, ते सांगतो. मशीन उठताना बोर्डावरची चिप लिनक्सला एक तक्ता देती, आत कोण कोण हाय त्याचा. तक्ता म्हणायचा, प्रोसेसर दोन. लिनक्स दुसऱ्याला हाका मारायचं आन तितंच थांबायचं. जयवंतानं झाकण काढलं. प्रोसेसर एकच. दुसऱ्याची जागा रिकामी. बोट लावलं तर ऊब लागली, जित्या अंगाची लागावी तशी.

कंप्रेसरवरचा म्हातारा मानसिंग दारात आला. त्यानं दत्तोबासाठी पत्रावळ वाढून ठिवली व्हती. दत्तोबा म्हंजी जयवंताच्या आधीचा माणूस. टाक्या गार करायचा अमोनिया वायू गळला तवा ह्याच खोलीत गुदमरून मेला.

"पोरा, आजच्या दिशी कुणाला न्हाय म्हणू नये. सकाळी बघ."

"तात्या, तक्ता चुकलाय, दुसरं काय न्हाय. सकाळपतुर दूध ऱ्हाईल का?"

मानसिंग बडबडत गेला. जयवंतानं लिनक्समधी एक ओळ लिवली. दुसरा न्हायच, सोडून दे. मशीन परत लावलं, तर सरसर चालू झालं की. कंप्रेसर घुमला. त्याचा जीव भांड्यात पडला. खात्रीला म्हणून त्यानं आपली ओळ परत उघडली.

मग वास आला. अमोनियाचा.

"तात्या?"

"मी हिकडं हाय..." भिंतीपल्याडनं.

मग पाठीशी कोण?

जयवंता वळला न्हाय. समोर कीबोर्डाचं बटण खाली गेलं. आपसूक. परत गेलं. त्याची ओळ पुसत चालली... एकेक अक्षर.

बटण खाली जाऊ नये म्हणून त्यानं उजवा हात आडवा घातला.

त्या हातावर हात आला. गार...

...

मानसिंगला तो फरशीवर घावला. दूध वाचलं. पण जयवंताचं उजवं अंग गेलं, खांद्यापासनं पायापतुर. डॉक्टर झालं, देवरुषी झालं. लई वाईट वाटतं रं, सोन्यासारखा पोरगा.

पण तो मेलेला हात रातच्याला हालतो. जयवंता गाढ झोपलेला असतो, आन बोटं गोधडीवर चालत्यात, बटणं दाबल्यागत. रोहिणी लई भ्याली. एका राती तिनं तो हात दोरीनं खाटंला आवळून बांधला, आन तान्ह्याला घिऊन पल्याड झोपली.

सकाळी बघती तर दोरी तशीच. गाठ तिचीच, तशीच आवळल्याली. पण दोरीत हात व्हता तो डावा. चांगला.