गाठ सापडेना तेव्हा

"सांभाळून हं मॅडम... आईचं आहे!" कीर्तीच्या टेबलावर त्यानं बरणी ठेवली, पण हात काही सोडवेना.

दोन हजार सहा साल. कीर्ती टेक्निशियन होती त्या उल्हासनगरच्या लॅबमध्ये ऑपरेशनात काढलेला भाग नातेवाईकच आणून देत, औषधाच्या पाण्यात बुडवलेला. पण असं दोन्ही हातांनी, बाळ आणल्यासारखं कुणी आणलं नव्हतं. हा मिलिंद, अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्यात फिटर. कीर्तीला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र हसू पळालं. फॉर्मवर स्तनातली गाठ, आणि बरणीतल्या भागाचे काप घेऊन घेऊन लॅबच्या डॉक्टर कुमुदिनी थकल्या तरी गाठ कुठंच नाही! बरणी बदलली की काय? कीर्तीनं मिलिंदला फोन लावला. तासाभरात स्वारी हजर, ड्युटीच्या बुटांसकट.

"आधी चार केमो झाल्यात ना," गाठ सापडत नाही हे ऐकून तो पुटपुटला.

"मग फॉर्मवर का नाही?"

"मीच... लिहू दिलं नाही. आई कागद वाचते. तिला ताकदीची सलाईन म्हणून सांगितलंय."

"अहो, केमोनं गाठ आटते! मग तिचा वण शोधायचा असतो. किती आटली त्यावर पुढचं ठरतं. तुमच्या मायेपायी रिपोर्ट चुकला असता!"

तो मटकन स्टुलावर बसला. कीर्तीचा जीव कळवळला. "जुनी बायोप्सी आणा," ती हळूच म्हणाली.

पुन्हा काप निघाले. तो रोज येऊ लागला.

"रिपोर्ट?"

"नाही."

"मग... चहा?"

"साखर कमी सांगा."

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. जिवंत कॅन्सरपेशी एकही नाही, सोबत काढलेल्या काखेतल्या ग्रंथींतसुद्धा नाही. नुसता वण! कीर्ती धावतच बाहेर त्याला सांगायला आली. तो भर रस्त्यात रडला.

"आता आईंना खरं सांगा," ती म्हणाली.

"धीर होत नाही. तू चल ना..."

'तू' ऐकून दोघंही गडबडली. पण ती गेली.

मिलिंदच्या आईनं, शालनबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"दुखणं माझं, आणि मलाच सोडून सगळ्यांना ठाऊक?" त्यांचा आवाज फुटला. मिलिंदची मान खाली. त्यांनी डोळे पुसले, लेकाकडं पाहिलं, मग कीर्तीकडं. "आणि ही पोरगी इथवर का आली रे? तेही लपवणारेस?"

मिलिंदनं मान वर केली. कान लालबुंद.

"नाही आई," तो म्हणाला. "मला ही आवडते."

कीर्तीनं पदर सावरला. "मलाही, आई."