खिडकीतला डाग

माझं काम जुन्या सिनेमांची धूळ झाडण्याचं. आई नातेवाइकांना सांगते, स्वरदा चेन्नईत इंजिनिअर आहे. तेही खोटं नाही. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी संगणकावर एकेक फ्रेम उघडते, डाग दिसला की शेजारच्या फ्रेममधला स्वच्छ तुकडा उचलून त्यावर बसवते. नियम एकच. धूळ एका फ्रेमपुरती असते. पुढच्या फ्रेममध्येही जे जागेवर राहतं, त्याला हात लावायचा नाही.

या वेळचा सिनेमा १९४६ सालचा, तमिळ. जमीनदाराची मुलगी, परजातीचा शिपाई, ब्रह्मदेशची लढाई. शेवटी तंजावर स्टेशनातून फौजेची गाडी सुटते आणि नायिका मनसोक्त रडते. मी जांभया देत होते.

वेस्ट मांबलमला मी तुळसीआजींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. आजी मूळच्या तंजावरच्या मराठी. मी सिनेमाचं नाव घेतलं आणि त्यांनी हातातला कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

"त्यांत माझी सईअक्का आहे," त्या म्हणाल्या. "तिचा तो ब्रह्मदेशाला गेला, परतला नाहीं. अप्पांनी त्याचं नांवसुद्धा घेऊं दिलं नाहीं. मग सिनेमावाले आले, गाडीभर शिपाई बसवले. अक्का बघायला म्हणून गेली, ती गेलीच. मी सहा वर्षांची. घरांत तिचा एक फोटो ठेवला नाहीं गं. माझे डोळे जायच्या आंत एकदां दाखव."

काचबिंदूने त्यांची नजर जेमतेम महिनाभराची सोबती उरली होती. मी शब्द दिला.

आजींनी सांगितलेल्या हनुवटीवरच्या गोंदणावरून सई सापडली. गर्दीच्या कडेला, चेहरा गाडीकडे. बाकी सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या, ही एकटी हसत होती. ती बघत होती त्या खिडकीत एक काळपट डाग होता. शहाण्णव फ्रेम, एकाच जागी. नियम मला तोंडपाठ होता. पण आजींना चित्र लख्ख दाखवायचं होतं, आणि बाकी सगळ्या खिडक्यांत शिपाई असताना ही एकच रिकामी होती. मी डाग काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सई हसत नव्हती. ती एकेक खिडकी शोधत होती.

"चुकीची फाईल उघडली असशील," शेजारच्या टेबलावरचा देवेश म्हणाला. मी मूळ स्कॅन उघडला. त्यातही तसंच. आणि डाग त्यातही नव्हता.

मला भीती वाटली. खरं सांगायचं तर त्याहून जास्त लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती गर्दीतून बाहेर आली होती. चेहरा कॅमेऱ्याकडे.

चौथ्या दिवशी दुपारी फलाटावर तिची जागा रिकामी होती.

आजींना काय सांगायचं? मांबलम स्टेशनापासून घरापर्यंत चालत आले, तरी धड एक वाक्य जुळलं नाही.

दार उघडं होतं. आजी ओट्यापाशी कॉफी ओतत होत्या.

"आजी, माझं चुकलं. तुमची सई..."

"दिसली गं!" त्यांचा चेहरा उजळला होता. "अगदी तश्शीच. अठराची."

त्यांनी दोन टंबलर माझ्या हातांत दिले.

"त्याला गाडींतून कुणी काढलं, विचारत होती. मी म्हटलं, मला काय ठाऊक? सिनेमाचं काम करणारी पोरगी येईल, तिला विचार. वर बसलीय. तिची कॉफी घेऊन जा."

खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

वर पंखा सुरू होता.