तिसरी ओळ

छापखाना बंद होऊन दोन महिने झाले होते, तरी तो रोज सकाळी साडेनऊला शर्ट इन करून तयार व्हायचा. सव्वीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली होती. रिकामं बसणं अंगवळणी पडत नव्हतं. वाईट वाटत होतं म्हणावं, तर तेही नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसे दिवस वाटत होते.

बायकोनंच त्याला जावाच्या, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या, वर्गात घातलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, अडीचला घरी यायची. "तिथंही चुकाच शोधायच्यात," ती म्हणाली. "तुम्हाला काय नवीन?"

सोमवारी परीक्षा होती. पास झाला तर एका कंपनीत जागा होती. नाहीतर या वयात पुन्हा कोण विचारणार?

बुधवारी त्यानं नवा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. आधी जावाचं मूळ सामान, जेडीके. वर्गातल्या मॅडमनी सांगितलेलीच आवृत्ती घेतली, आकडा दोनदा पडताळून. मग कोड कशात लिहायचा ते ठरवायचं होतं. सगळं आयतं हातात देणारं मोठं सॉफ्टवेअर, एक हलकं, नाहीतर साधं नोटपॅड. त्यानं मोठं घेतलं.

स्वाध्याय सोपा होता. घरातल्या माणसांची नावं आणि वयं यादीत भरायची, स्क्रीनवर छापायची, खाली एकूण आकडा. घरात माणसं दोन. तो अठ्ठेचाळीस, बायको पंचेचाळीस. त्यानं बटण दाबलं.

तीन ओळी आल्या. तिसरीत नावाची जागा कोरी होती. पुढे छत्तीस. खाली, एकूण तीन.

लिहिलेलं आणि छापलेलं त्यानं ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिलं. लिहिलेल्यात दोनच नावं होती. त्यानं मॅडमना फाईल पाठवली.

"माझ्याकडे दोनच येतात, काका," त्या फोनवर म्हणाल्या. "सॉफ्टवेअरमध्ये जुनं काहीतरी अडकलं असेल. ते काढा, हलकं टाका."

नव्या लॅपटॉपमध्ये जुनं काय अडकणार?

गुरुवारी मोठं काढून हलकं टाकलं. तीन ओळी. छत्तीस.

शुक्रवारी त्यानं सगळंच उपसलं. जेडीके काढलं, त्याचे फोल्डर पुसले, ते कुठे ठेवलंय हे लॅपटॉपला सांगणारी पाथमधली नोंद खोडली. पुन्हा पहिल्यापासून सगळं टाकलं. या खेपेला कोड नोटपॅडमध्ये लिहिला, नव्या फाईलमध्ये, एकेक अक्षर दाबून. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत आज्ञा दिली.

तीन ओळी. तिसरीत सदतीस.

फ्रिज घरघरला आणि थांबला. घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. छाती मात्र नेहमीसारखीच चालली होती. मग त्याच्या लक्षात आलं, की तिन्ही दिवस तो टेबलाच्या मधोमध बसलाच नव्हता. शेजारच्याला स्क्रीन दिसावी म्हणून माणूस सरकून बसतो, तसा तो डावीकडे सरकून बसला होता.

तो मधोमध आला. थोड्या वेळानं पाहतो तर पुन्हा डावीकडे.

अडीचला बायको आली. हात धुतले, पदराला पुसत मागे येऊन उभी राहिली.

"झालं का?"

"हे बघ. तिसरी ओळ कुठून येते कळत नाही. काल छत्तीस होतं, आज सदतीस."

तिनं वाचलं.

"बरोबर आहे की. आज वाढदिवस आहे ना."

त्यानं वळून पाहिलं. तिचा चेहरा दमलेला होता, रोज असतो तेवढाच.

"कोणाचा?"

"नाव घालायला विसरलात तुम्ही," ती म्हणाली. "सरका जरा."

कीबोर्डला तिनं कधी हात लावला नव्हता. ती वाकली, आणि आपल्या नावाखाली तिनं न अडखळता एक नाव टाईप केलं. पुढे वय. मग चहाचं आधण ठेवायला गेली.

त्यानं प्रोग्रॅम चालवला.

तीन ओळी. एकूण तीन. लिहिलेलं आणि छापलेलं जुळत होतं.

त्यानं ते नाव अक्षर अक्षर वाचलं. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती.

घड्याळात तीन वाजत आले होते. तो उठला आणि, घरचं तिसरं माणूस यायच्या वेळेला रोज काढून ठेवतो तशी, त्यानं बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवली.