गाडीतला बॅज

टाकून दिलेले किरणोत्सर्गी स्रोत शोधून सुरक्षित जागी पोचवणं हे आमचं काम. बंद रुग्णालयं, गंजलेले कारखाने, भंगाराचे ढीग. जिथून लोक पळ काढतात तिथे आम्ही जातो. आजवर एकही स्रोत मागे सोडलेला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते.

ही शिस्त ताईची. माझी सख्खी मोठी बहीण, पथकाची पहिली प्रमुख. लहानपणी माझ्या वाटचा मारसुद्धा तीच खायची. ती वारल्यावर पथक माझ्याकडे आलं.

आम्ही सगळे छातीवर किरणं मोजणारा बॅज लावतो; किरणं लागतील तितका तो काळा पडतो. एक जादा बॅज लांब, फाटकाबाहेरच्या गाडीत टांगतो. तो कोराच राहायला हवा, कारण बाकीचे त्याच्याशी ताडून बघतात. तो मी ताईच्या जुन्या क्लिपला अडकवते.

त्या दुपारी एका बंद रुग्णालयाच्या तळघरात स्रोताची करंगळीएवढी कॅप्सूल उचलत होतो. लांब चिमट्यातून ती निसटली आणि घरंगळत लोखंडी कपाटाखाली गेली. किरणं वाढली की वाजणारा मीटर किंचाळायला लागला.

"मॅडम, मागे व्हा!" दारातून मीटरवाला ओरडला.

लांब चिमटा कपाटाखाली वळेना. मी आखूड चिमटा घेऊन जमिनीवर पालथी पडले. कॅप्सूल चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती. आता आपलं काही खरं नाही, हे मला कळत होतं.

मीटर गप्प झाला.

शिशाची भिंत मध्ये आली तरच तो असा गप्प होतो. मी कॅप्सूल पकडली, शिशाच्या डब्यात टाकली, झाकण आवळलं. मीटर तपासला. ठणठणीत होता.

परत आलो तेव्हा गाडीत ताईची क्लिप मंद झुलत होती. खिडक्या बंद होत्या.

आठवड्याने बॅज तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून फोन आला.

"मॅडम, तुमचा बॅज अगदी कोरा आहे. गाडीतला मात्र काळाठिक्कर."

"तो गाडीतच टांगलेला होता."

"नाही हो. टांगलेला आणि अंगावरचा आम्हाला वेगळा कळतो. याच्या मागे माणूस उभा होता. अगदी जवळ, स्रोताकडे तोंड करून. कोण होतं?"

माझा ऊर भरून आला.

"माझी ताई."

"त्यांना आता पुन्हा पाठवू नका. त्यांची किरणांची मर्यादा संपली."

"सांगून बघते," मी म्हणाले. "पण ती ऐकणार नाही."